पाखरांना तारीख कोण सांगतं?

"दिवाळी झाली, पण बदकं काही आली नाहीत यंदा." चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाहीकडच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर नोव्हेंबरात उभं राहिलं की हे वाक्य हमखास कानी पडतं. मी ते लहानपणापासून ऐकत आलो आणि बरीच वर्षं खरंही मानत होतो. मग एकदा जुन्या दिनदर्शिका काढून बसलो. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. मधे एकोणीस दिवसांचं अंतर. तलवार बदकांचा थवा दोन्ही वर्षी अगदी एकाच तारखेला उतरला असता, तरी पहिल्या वर्षी तो उशिरा आला असं आपण म्हटलं असतं आणि दुसऱ्या वर्षी लवकर. दिवाळीची तिथी चंद्रावर ठरते. बदकांची ठरत नाही.

दिवाळीवर पाखरं मोजणाऱ्या याच माणसांजवळ दुसरंही एक पंचांग असतं, धानाचं. रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रं सूर्यावर मोजली जातात. अधिक महिना असो वा नसो, मृग ७ किंवा ८ जूनलाच लागतो. (हे नक्षत्रही ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतं, पण एका माणसाच्या हयातीत ते ध्यानात येत नाही.) लांबून येणाऱ्या पाखरांचा हिशेब या दुसऱ्या पंचांगाच्या जवळचा आहे. तलावावरच्या पाखरांची वेळ दिवाळीशी न जोडता रोवणीसारखी नक्षत्राशी जोडली, तर आपल्या निम्म्या शंका तिथेच मिटतील.

निम्म्या म्हणतो, कारण उरलेला प्रश्न अवघड आहे. जिथे जायचं तिथे आत्ता काय चाललंय हे हजारो किलोमीटरवरच्या पाखराला कळायला काही वाट नसते. तरीही ते ठरावीक दिवसांत निघतं. हा प्रश्न सर्वांत स्वच्छ रूपात दिसतो तो समुद्रपक्ष्यांमध्ये. चंद्रपूर-गडचिरोलीपासून दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहेत. पण समुद्र ओलांडणारी पाखरं आमच्या डोक्यावरून जातात आणि त्यांचं कोडं उलगडायला समुद्रावरचं संशोधनच कामी येतं, म्हणून आधी तिकडे जायला हवं. त्याआधी थोडं उजेडाबद्दल.

कॅनडातल्या एडमंटन इथे विल्यम रोवन यांनी १९२४ च्या सुमारास जंको नावाची चिमणीएवढी पाखरं ऐन हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवली आणि विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडाथोडा वाढवत नेला. बाहेर कडाक्याची थंडी होती, तरी पाखरांच्या शरीरात वसंत सुरू झाला आणि त्यांची जननेंद्रियं वाढू लागली. थंडी-उष्णतेपेक्षा दिवसाची लांबी त्यांना जास्त सांगते, हे तिथे प्रथम दिसलं. पुढे १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बनुआ यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवलं, की हा उजेड मोजायला डोळेही लागत नाहीत. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश थेट मेंदूच टिपतो.

आपल्या देशातही या विषयावर पक्कं काम झालं आहे, आणि ते ज्या पाखरावर झालं ते मराठी शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचं आहे. हिवाळ्यात ज्वारीच्या रानात उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट हे ते पाखरू. बनारसला जे. पी. थपलियाल यांच्या पिढीनं भारतीय पक्ष्यांच्या ऋतुचक्राचा अभ्यास रुजवला आणि नंतर विनोद कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी लखनौ आणि दिल्लीला भारीटांवर अनेक वर्षं प्रयोग केले. दिवस एका मर्यादेपलीकडे लांबला की भारीट अधाशासारखा खातो, कातडीखाली चरबी साठवतो आणि एरवी रात्री गाढ झोपणारा हा पक्षी पिंजऱ्यात रात्रभर उड्या मारू लागतो. या रात्रीच्या अस्वस्थतेसाठी जर्मन अभ्यासकांनी एक खास शब्द रूढ केला आणि जगभर तोच चालतो. मला मात्र आपला 'वेध' हा शब्द जवळचा वाटतो. पाखराला निघण्याचे वेध लागतात, आणि ते पिंजऱ्यातही लागतात.

चंद्रपूर जवळपास २० अंश अक्षांशावर आहे. इथला सर्वांत लहान दिवस जेमतेम अकरा तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. म्हणजे मार्चमध्ये आपला दिवस रोज साधारण मिनिटभर वाढतो. आपल्याला ते जाणवतही नाही, पण घोडाझरी तलावावर बसलेलं बदक तेवढ्यावर आपलं शरीर बदलू लागतं.

मग विषुववृत्ताजवळ हिवाळा काढणाऱ्यांचं काय? तिथे दिवस वर्षभर बारा तासांचाच. याचं उत्तर एबरहार्ड ग्विनर यांनी जर्मनीत शोधलं. वटवट्यांच्या जातीची पाखरं त्यांनी वर्षानुवर्षं एकसारख्या उजेडात आणि एकसारख्या तापमानात ठेवली, बारा तास दिवस आणि बारा तास रात्र. बाहेरून ऋतूची एकही खूण मिळत नसताना ती पाखरं पिसं टाकत राहिली आणि ठरावीक काळानं रात्री अस्वस्थ होत राहिली. फक्त त्यांचं वर्ष बारा महिन्यांऐवजी साधारण दहा महिन्यांचं झालं. पाखराच्या आत स्वतःचं वार्षिक घड्याळ असतं, ते थोडं पुढे पळतं, आणि सूर्य ते पुन्हा जुळवून देतो.

आता समुद्र. टास्मानियाच्या बाजूला बिळांत घरटी करणारं आखूड शेपटीचं शिअरवॉटर दरवर्षी उत्तर प्रशांत महासागरापर्यंत जाऊन परत येतं. डॉमिनिक सर्व्हेंटी यांनी १९४७ पासून फिशर बेटावर त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास उभा केला. या पाखराची अंडी घालण्याची वेळ २५ नोव्हेंबरच्या आगेमागे इतकी घट्ट बांधलेली आहे, की सगळी वसाहत दोनेक आठवड्यांत मोकळी होते. ग्रीनलंडचा आर्क्टिक सुरय याच्या उलट धडा देतो. कार्स्टन एगेवांग आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा सुरयांच्या पायांवरच्या सुमारे दीड ग्रॅमच्या उपकरणांतून माग काढला. वर्षाला सरासरी ७०,९०० किलोमीटर! पण थक्क करणाऱ्या या आकड्यापेक्षा मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. दक्षिणेकडे जाताना ते सगळे उत्तर अटलांटिकच्या मधोमध जवळपास महिनाभर थांबले. निघण्याची तारीख शरीर सांगतं, पण वाटेत कुठे आणि किती थांबायचं हे समुद्रातलं अन्न ठरवतं.

चिखलपायी पक्ष्यांतला पट्टेरी शेपटीचा गॉडविट समुद्रपक्षी नव्हे. तो पाण्यावर बसूसुद्धा शकत नाही, म्हणून त्याची वेळ चुकली तर मरणच. ऑक्टोबर २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक गॉडविट अलास्काहून उडाला आणि न थांबता अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर कापून टास्मानियात उतरला. त्या वाटेनं तो आधी कधी गेला नव्हता. दिशा आणि वेळ यांचा मोठा हिस्सा अंड्यातूनच येतो, याला याहून थेट पुरावा मी वाचलेला नाही.

या सगळ्यातून माझ्यापुरता एक नियम मी काढला आहे. मुक्काम जितका लांब, तितकी तिथली खबर कमी. आणि खबर जितकी कमी, तितकी तारीख ताठर. जवळचा प्रवासी आभाळ पाहून निघतो, लांबच्याला सूर्यावर विसंबावं लागतं. आमच्या दोन जिल्ह्यांतली पाखरं या कसोटीवर लावून पाहिली की चित्र बरंच उलगडतं.

पावशापासून सुरुवात करू. 'पेरते व्हा' म्हणून ओरडणारा हा पक्षी कुठून येत नाही, तो इथलाच. उन्हाळा सरत आला की त्याला कंठ फुटतो, त्यामुळे तो नव्यानं आल्यासारखा वाटतो. नवरंग मात्र खरोखर येतो. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढून मेअखेर किंवा जूनच्या तोंडाशी तो ताडोब्याच्या जंगलात पोहोचतो. सकाळ-संध्याकाळ त्याची दोन सुरांची शीळ बांबूच्या रांजीतून घुमू लागली की पाऊस फार लांब नाही असं आम्ही समजतो. तो रात्री प्रवास करतो. म्हणूनच त्या दिवसांत गावाशहरांत भिंतीवर किंवा काचेवर आपटून भांबावलेला नवरंग एखाद्याच्या ओसरीत सापडतो. असा सापडला तर त्याला अंधाऱ्या खोक्यात शांत ठेवावं आणि सावरल्यावर झाडीत सोडावं. अंतराच्या मानानं नवरंग मधल्या फळीतला प्रवासी. शरीराची तयारी सूर्यावर, आणि शेवटचा टप्पा पावसाळी हवेवर, असं त्याचं वागणं मला दिसतं.

चातक याहून लांबचा. मध्य आणि उत्तर भारतात पावसाळ्यात येणारे चातक आफ्रिकेहून अरबी समुद्रावरून येतात. दक्षिणेतला एक गट तिथेच राहतो. २०२० साली डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं दोन चातकांच्या पाठीवर उपग्रह-उपकरणं बसवली आणि त्यांना 'मेघ' आणि 'चातक' अशी नावं दिली. चातक पाऊस पिऊन जगतो हे काव्य झालं. नैर्ऋत्य वाऱ्याच्या पाठबळावर तो समुद्र ओलांडतो, आणि तोच वारा ढगही आणतो. दोघे एकाच वाटेचे प्रवासी, म्हणून सोबत पोहोचतात.

वाऱ्याचा विषय निघाला की अमूर ससाणा आलाच. हाताच्या पंजात मावेल एवढा हा शिकारी ईशान्य चीन आणि आग्नेय सैबेरियात वाढतो आणि हिवाळा दक्षिण आफ्रिकेत काढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड-मणिपुरात लाखोंनी उतरून पंख फुटलेल्या वाळवीवर ताव मारतो. २०१२ मध्ये डोयांग जलाशयावर त्यांची प्रचंड कत्तल झाली, आणि पुढच्याच वर्षी त्याच गावांनी ती थांबवली. एखाद्या गावानं आपली चूक इतक्या लवकर सुधारल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही. त्या नोव्हेंबर २०१३ मध्ये तीन ससाण्यांवर उपकरणं बसवली गेली. नागा, वोखा आणि पांगती ही त्यांची नावं. माग निघाला तो बंगालच्या उपसागरावरून भारतीय द्वीपकल्प आडवं कापत आणि पुढे अरबी समुद्र ओलांडून सोमालियाकडे. म्हणजे आम्ही धान कापत असतो, तेव्हा मध्य भारताच्या आभाळातून ही पाखरं रात्रंदिवस पश्चिमेला जात असतात.

नोव्हेंबरच का? कारण तोवर वारा उलटलेला असतो. ईशान्य मोसमी वारा पाठीशी असतो आणि समुद्रावर विसाव्याला फांदी नसते. हाच वारा पकडून अरबांची गलबतं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेला परतत. त्याच सुमारास चतुरांचे थवेही समुद्र ओलांडतात. मालदीवमध्ये ऑक्टोबरपासून दिसणाऱ्या या चतुरांवरून चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडणी केली, की ते भारतातून पूर्व आफ्रिकेकडे जातात. ससाण्याला वाटेतली शिदोरी या चतुरांचीच मिळत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. आमच्या धानाच्या बांध्यांवर ऑक्टोबरात घिरट्या घालणारे पिवळे चतुर त्याच जातीचे. पाण्यानं भरलेल्या बांधीत वाढलेला किडा समुद्रावर ससाण्याच्या पोटात जात असेल, ही शक्यता मला फार विलक्षण वाटते.

पळसमैनेचा उल्लेख न करता पुढे जाववत नाही. मध्य आशियात टोळ-नाकतोड्यांच्या हंगामाला धरून ती घरटी करते. तिथलं काम उरकलं की ऑगस्टपर्यंत इकडे येऊ लागते आणि पार एप्रिलपर्यंत रेंगाळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिमूर-वरोऱ्याकडचे पळस पेटले की त्यावर तिचे गुलाबी-काळे थवे तुटून पडतात. मधाच्या साखरेवर आणि किड्यांवर परतीची चरबी चढते. पळस एखाद्या वर्षी लवकर फुलून झडला, तर तिला दुसरं अन्न शोधावं लागतं, कारण तिची तारीख पळस नव्हे, मध्य आशियातले टोळ ठरवतात.

हवामान बदलतं आहे तर पाखरं आपली तारीख बदलतात का? यावरचे निष्कर्ष एका सुरात नाहीत. नेदरलँड्सच्या जंगलात येणाऱ्या पाईड माशीमारावर क्रिस्टियान बोट आणि मार्सेल विस्सर यांनी २००१ साली दाखवलं, की तिथला वसंत अलीकडे सरकला, सुरवंट लवकर येऊ लागले, पक्ष्यांनी अंडी थोडी लवकर घातली, पण आफ्रिकेहून पोहोचण्याचा दिवस काही हलला नाही. पिल्लं मोठी होईतो सुरवंटांचा बहर ओसरू लागला. समुद्रपक्ष्यांची अवस्था त्याहून अवघड दिसते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत १४५ वसाहतींच्या १९५२ ते २०१५ या काळातल्या नोंदी एकत्र केल्या. समुद्राचं पाणी तापत गेलं, पण सरासरीनं पाहता समुद्रपक्ष्यांचा विणीचा हंगाम जिथल्या तिथेच राहिला.

गॉडविट मात्र हलले, आणि दोन वेगळ्या वाटांनी. आइसलंडला जाणारे काळ्या शेपटीचे गॉडविट म्हणजे आपले मळगुजे. जेनिफर गिल आणि सहकाऱ्यांना २०१४ साली आढळलं, की तिथला एकेक पक्षी दरवर्षी आपल्याच तारखेला येतो, पण नंतर जन्मलेले पक्षी मुळातच लवकर येतात. म्हणजे पिढी बदलते तशी तारीख बदलते. उलट न्यूझीलंडहून निघणाऱ्या पट्टेरी शेपटीच्या गॉडविटांवरच्या २०२१ च्या अभ्यासात तेच ते पक्षी दशकभरात सुमारे सहा दिवस आधी निघू लागलेले दिसले. घट्ट वाटणाऱ्या घड्याळातही सैल जागा असते, एवढं यातून म्हणता येतं. 'पाखरं जुळवून घेतील' असा निर्धास्त निष्कर्ष काढायला हा पुरावा मला पुरेसा वाटत नाही, आणि 'पाखरं संपणार' असं म्हणायलाही नाही.

आमच्याकडच्या नोंदी वाचताना दोन सापळे सांभाळावे लागतात. एक, पहिलं पाखरू कधी दिसलं यावर फार भर दिला जातो. हजारांतलं पहिलं पाखरू हे नेहमी वेगळंच असतं. शिवाय आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आणि मोबाइल आहे. बघणारे वाढले की 'पहिली' तारीख आपोआप मागे सरकते, पाखरं न सरकताही. थव्याचा मोठा हिस्सा कधी उतरला, ही तारीख खरी. दोन, १९८७ पासून आशियाभर होणारी पाणपक्षी गणना जानेवारीत असते. ती मोलाची आहे, पण ती किती आले ते सांगते, कधी आले ते नाही. त्यासाठी पाळीवर राहणारा माणूस लागतो. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली नवेगाव बांधला असताना पाखरांची नावं आणि सवयी त्यांनी ढिवरांकडून, गोंडांकडून ऐकून टिपल्या. दर आठवड्याला एका तलावाची एक ओळ, इंग्रजी तारखेसह, एवढं कुणी दहा वर्षं लिहिलं तर त्या वहीची किंमत मोठ्या अहवालाहून जास्त होईल.

आणि पाखरं वेळेवर आली तरी तलाव वेळेवर तयार असतो का, हा आमचा स्वतःचा प्रश्न आहे. कोहळी समाजानं गोंड राजवटीत बांधलेले तलाव-बोड्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत सहा हजारांहून अधिक आहेत. मालगुजारी गेली आणि त्यांच्या नावामागे 'माजी' लागलं. हस्ताचा पाऊस दगा देतो तेव्हा उभं धान वाचवायला तलावाचं तुडूम उघडतात आणि महिन्याभरात काठ कोरडा पडतो. पाऊस जास्त झाला तर तलाव पाळीपर्यंत तुडुंब. मान बुडवून तळाच्या वनस्पती खाणाऱ्या तलवार बदकाला खोल पाणी निरुपयोगी आणि कोरडा काठही. त्याला गुडघाभर पाणी आणि त्यात वाढलेलं गवत-शेवाळ लागतं. ते आपल्या तारखेला येतं, तलाव बघतं आणि पुढच्या तलावावर जातं. "आली नाहीत" यातली बरीचशी तक्रार या उतरून निघून गेलेल्या थव्यांची असावी, असं माझं मत आहे. त्यात काठावर बेशरम माजलेली असली की उथळ पाणी असूनही उपयोग नाही. बेशरम काढणं आणि पाणवनस्पती परत लावणं हे काम जिथे ढिवर आणि गावातल्या बायांनी केलं, तिथे मासळीही सुधारते. म्हणजे हे काम निव्वळ पाखरांसाठी करायचं असंही नाही.

नद्यांवर गोष्ट आणखी कठीण. समुद्रावरच्या सुरयांचा इथला भाऊबंद म्हणजे नदी सुरय. उन्हाळ्यात पात्र आटलं की उघड्या रेतीवर तो अंडी घालतो. वैनगंगेवर गोसेखुर्द झालं. सिरोंच्याजवळ गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा झाला, २१ जून २०१९ ला त्याचं उद्‌घाटन झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. मधल्या काळात फुगवट्याखाली सिरोंचा तालुक्यातली शेतीही गेली. तिथल्या शेतकऱ्यांचं दुःख मोठं आहेच. सुरयाची अडचण एवढीच सांगतो, की रेती उघडी पडण्याचा दिवस त्याला हजारो वर्षं नदीकडून कळत आला आणि आता तो दरवाजे उघडण्या-मिटण्यावर ठरतो. एप्रिलमध्ये वरून पाणी सुटलं तर त्या पाण्यातून त्याची अंडी वाचत नाहीत. रेती उपसणारे ट्रॅक्टरही याच दिवसांत पात्रात उतरतात. फेब्रुवारी ते मे एखादं बेट तरी सोडायला हरकत नसावी.

मार्चच्या शेवटी तलावाच्या पाळीवर संध्याकाळी बसावं. तलवार बदकं दिवसभर खात असतात, अंधार पडू लागला की अस्वस्थ होतात, एक टोळी उडते, दोन घिरट्या घालते, पुन्हा उतरते. असं तीन-चार संध्याकाळी चालतं. मग एका रात्री ती जातात. सकाळी पाण्यावर अडया तेवढ्या असतात. त्यांना कुठे जायचं नसतं, त्यांची अंडी मृगानंतरची.